भाऊ बरे नव्हते

जय भीम. पुढे या, खुर्च्या रिकाम्या आहेत. मागे उभं राहून कुणाचं दुःख हलकं होत नाही.

किती माणसं आलात! आज कामाचा दिवस, तरी आलात. काही जण थेट लंडनच्या इल्फर्डहून आलेत. भाऊंनी बघितलं असतं तर आधी चहाचं आधण वाढवलं असतं. मी वंदना, त्यांची शेजारीण, कौन्सिलच्या हाउसिंग डेस्कवर बसते. मी तोंडाची फटकळ आहे, हे अख्ख्या लेस्टरला ठाऊक आहे. भाऊ म्हणायचे, "वंदना बोलायला लागली की फटाक्यांची माळ लागते." आज ती माळ भिजलीय, भाऊ. सकाळपासून शब्द सापडत नाहीयेत. पण वहिनींनी मला एक काम सांगितलंय. म्हणाल्या, "ते कशाने गेले ते सगळ्यांना सांग." म्हणून उभी आहे.

डॉक्टर म्हणाले, हार्ट. नैसर्गिक मृत्यू. मला ते मान्य नाही.

तुम्हाला माहीत आहे, भाऊ चालणारा माणूस. गाडी असून चालत जायचे. बेलग्रेव्ह रोडवर मेथी आणायला गेले की दुकानदार, पोस्टमन, बाकावरच्या आजी, सगळ्यांशी बोलून दोन तासांनी परत. वहिनी चिडायच्या, "अहो, मेथी आणायला गेला होतात की पेरायला?"

मागच्या हिवाळ्यात, भर दुपारी, बसस्टॉपवर एका माणसाने भाऊंना मारलं. ओळख ना पाळख. आधी काहीतरी बोलला, मग तोंडावर थुंकला, मग ठोसा. चष्मा फुटला. ओठ फाटला. लोक बघत होते. एका मुलीने पोलिसांना फोन केला, तिचं भलं होवो.

पोलिसीण चांगली होती, खोटं का बोलू? तिने विचारलं, "Are you okay, sir?" आणि भाऊ काय म्हणाले? "I am fine, thank you." रक्त हनुवटीवर, आणि हे थँक्यू म्हणतायत! अँब्युलन्स बोलावू का? नको, नको. दुखतंय का? थोडंसंच. तिने विचारलं, तो काय बोलला? भाऊ म्हणाले, "काही नाही."

काही नाही कसं? मी नंतर किती वेळा विचारलं. एकदाच म्हणाले, "वंदना, तसले शब्द मी गावात लहानपणी ऐकले. ते सोडून इतक्या लांब आलो. आता ते माझ्याच तोंडाने परत का बोलू?"

पण मंडळी, इथला कायदा ऐकलेल्यावर चालतो. मी वकील नाही. वहिनींबरोबर कोर्टाच्या बाकावर बसून जेवढं कळलं तेवढं सांगते. इथे मारहाणीला पायऱ्या आहेत. सगळ्यात खाली कॉमन असॉल्ट. त्याच्या वर, नुसत्या ओरखड्यापेक्षा जास्त इजा झाली तर. त्याच्याही वर, हाड मोडलं, जिवावर बेतलं तर. आणि तुमच्या रंगावरून, वंशावरून शिवी देऊन मारलं तर गुन्हा आणखी जड होतो. भाऊंनी शिवी सांगितलीच नाही. दुखतंय म्हणाले नाहीत. मग प्रकरण कुठल्या पायरीवर गेलं? सगळ्यात खालच्या. कॉमन! त्या माणसाने गुन्हा कबूल केला, त्याला फुकट काम करायची शिक्षा झाली, आणि तो जॅकेट घालून निघून गेला. त्याचा वकील काय म्हणाला माहितीये? "हे गृहस्थ स्वतःच म्हणाले की आपण ठीक आहोत." भाऊ शेजारी बसून मान हलवत होते. होकारार्थी! अरे देवा, असं झालं मला.

बाहेर सरकारी वकीलबाई भेटल्या. मी म्हटलं, मॅडम, हा माणूस झोपत नाही. बस दिसली की थरथरतो. घराबाहेर पडत नाही. त्या शांतपणे म्हणाल्या, भीती, दुःख, झोप उडणं ही कायद्याच्या लेखी शरीराची इजा नाही. तज्ज्ञ डॉक्टरने मानसिक आजार आहे असं सांगितलं तरच धरता येतं. मी भाऊंना म्हटलं, चला जीपीकडे, आपल्या नेहमीच्या डॉक्टरकडे. तर म्हणे, "काय सांगू तिथे? भीती वाटते म्हणून? कुक्कुलं बाळ आहे का मी?"

आणि आपण सगळे काय म्हणालो? म्हणालो, चला, थोडक्यात निभावलं. जिवावरचं बोटावर गेलं. असंच म्हणतो ना आपण? बोटावर गेलं म्हणे!

त्यानंतर भाऊ चाललेच नाहीत. आधी बेलग्रेव्ह रोड सुटला. मग विहारातला रविवार सुटला. मग दारातलं दूध वहिनी उचलायला लागल्या. मागच्या खिडकीशी खुर्ची, एवढंच त्यांचं जग राहिलं. कुणीही फोन केला, कसे आहात भाऊ? "बरा आहे." तुमच्यातल्या प्रत्येकाने हे ऐकलंय. मीही रोज ऐकलं, कुंपणावरून. त्याच खुर्चीत गेले. चालणारा माणूस बसून बसून मेला.

त्या दिवशी वहिनींनी माझा हात धरून विचारलं, "वंदना, आता तरी त्याला मोठा गुन्हा लागेल ना गं?" मी काय सांगू त्यांना? नाही, वहिनी. नाही लागणार. तो ठोसा आणि ही खुर्ची यांच्यामध्ये कायद्याला दिसेल असा धागा नाही. अपील नाही, दाद नाही. कुणी परत कधी विचारणार नाही. मी तुम्हाला धीर द्यायला उभी राहिलेली नाही, मंडळी. माझ्यापाशी धीर नाही. न्याय होईल असं म्हणणार नाही, कारण तो होणार नाही. वहिनींनी सांगितलेलं काम तेवढं करते. ऐका. भाऊ हार्टने गेले नाहीत. भाऊंना मारलं. मरायला त्यांना वेळ लागला, इतकंच.

आता उभे राहू या. भाऊंसाठी शांत राहू या.

एकच विनंती. मौन संपलं की तुम्ही वहिनींना भेटायला जाल. त्यांना "कशा आहात?" विचारू नका. मी सकाळी विचारलं. म्हणाल्या, "बरी आहे." नुसते शेजारी बसा. उद्या या, परवा या, आणि बसा.

भाऊ, जय भीम.