मोहाखालचं क्रियापद

तुमी हसा, पण मले आताही आठवलं की डोकं तापते. धानोऱ्याले जर्मन शिकवाले पुण्याहून एक सर आले होते. जर्मनीत नर्सची नोकरी भेटते म्हणून आमी पोरी शिकत होतो. एक दिवस सर म्हणाले, "लेझेन म्हणजे वाचणं. पण जुना अर्थ वेचणं. डचमध्येही दोन्ही अर्थ आहेत, स्वीडिशमध्ये वाचणं उरलं, जुन्या इंग्रजीत तर वेचणंच होतं. चला, वेचूनच बघू." अन् दुसऱ्या दिवशी सकाळीच आमाले मोहाच्या झाडाखाली नेलं.

झाडाखालचा पाचोळा साफ झाडलेला होता. मी म्हटलं, "सर, खाली झाडून ठेवलं म्हणजे हे झाड कोणाचं तरी हाय. त्याची फुलं दुसरं कोणी उचलत नाई."

"अगं, जंगलाला कुठे मालक असतो?" म्हणत सर पिशवी भरूनच राह्यले.

तेवढ्यात आमच्या शेजारची शेवंताकाकू टोपली घेऊन आली. झाड तिचं होतं. सरांनी तिलेही क्रियापदाचा इतिहास सांगितला. मले राहवलं नाई. मी म्हटलं, "सर, एवढ्या भाषा सांगितल्या. विचारून घेणं यातल्या कोणत्या भाषेत येते?"

सरांनी पिशवी काकूपुढं धरली. काकू खाली पाहत होती. आमच्या बुटांखाली उरलेल्या फुलांचा चिखल झाला होता.

"पिशवीतली न्या तुमी," काकू म्हणाली. "ही तुडवलेली तेवढी झाडाले परत लावून द्या."