इथे काहीच आलं नाही तर

(दिल्लीजवळचं इंदिरापुरम, जानेवारीतला रविवार. बाल्कनीत ऊन आलंय म्हणून नवरा-बायको तिथेच बसलेत. रेवतीच्या मांडीवर लॅपटॉप.)

यतीन : हसत होतीस. दार लावून.

रेवती : दार वैभवीसाठी लावलं होतं, सारखी येऊन कीबोर्ड दाबत होती. बाबा नातीला खाली पार्कात घेऊन गेले, मग उघडलं.

यतीन : हसलीस का, ते विचारतोय.

रेवती : त्याने एक गोष्ट विचारली, म्हणून.

यतीन : त्याने. म्हणजे एआय आता 'तो' झाला.

रेवती : मग काय म्हणू? यार यतीन, उद्या गुडगावला टेस्ट आहे माझी. प्रॅक्टिस करतेय. चार वर्षं घरी बसलेल्या बाईला कोण असंच नोकरी देतं?

यतीन : प्रॅक्टिसला नवरा होता की घरात. कोड लिहिण्यात केस पिकलेत त्याचे.

रेवती : नवऱ्यालाच विचारत होते ना जूनपर्यंत. काय व्हायचं? माझा प्रश्न अर्धा झाला की तू सुस्कारा टाकायचास आणि लॅपटॉप ओढून घ्यायचास. खट खट खट. 'हे घे, झालं.' मला काय कळायचं त्यातनं?

यतीन : काम तर व्हायचं.

रेवती : तुझं व्हायचं.

यतीन : आणि हे महाशय सुस्कारे टाकत नाहीत.

रेवती : दहादा तेच विचारलं तरी नाही. मी मराठीत हिंदी घुसवली तरी पुणेरी तोंड करून सुधारत पण नाही.

यतीन : उत्तरं आयती वाटायची असली की कशाला सुस्कारे लागतील.

रेवती : उत्तर नाही देत तो. मीच मना केलंय.

यतीन : मना नाही केलंय. नको म्हणून सांगितलंय.

रेवती : बघ, आलं ना तोंड.

यतीन : बरं. उत्तर देत नाही, मग करतो काय?

रेवती : मी लिहिते, तो प्रश्न विचारतो. चुकले तर कुठे ते सांगत नाही, पुन्हा वाच म्हणतो. आपल्या मराठी मंडळाच्या सहलीच्या बसमध्ये कोण कुठे बसणार, तो प्रोग्राम असाच लिहिला. आता तोच कोऱ्या पानावर परत लिहितेय, उद्यासाठी.

यतीन : आली बस. वाटच बघत होतो. काल पहाडगंजला मंडळाच्या मीटिंगमध्ये सगळ्यांच्या तोंडी तुझी बस. भाऊसाहेब काय म्हणाले, ऐकलंस ना?

रेवती : बाबा गमतीत म्हणाले.

यतीन : 'जावयाला जमलं नाही ते लेकीने करून दाखवलं.' हसले सगळे. माझ्या हातातला समोसा हातातच राहिला.

रेवती : गेल्या संक्रांतीचं आठवलं, म्हणून हसले ते. पानिपतच्या स्मारकाला, काला अंबला जायची बस. एका घरातली माणसं शेजारी, म्हातारे पुढे, एवढंच तू एआयला सांगितलंस. त्याने चहा होईपर्यंत प्रोग्राम दिला आणि तू न वाचता पाठवून दिलास.

यतीन : चालला होता तो.

रेवती : चालला. एक आडनाव म्हणजे एक घर, असं धरून चालला. सरोजिनी नगरचे जोशी आणि मयूर विहारचे जोशी शेजारी शेजारी. कित्येक वर्षं तोंड बघत नाहीत एकमेकांचं. एक खिडकीबाहेर बघतोय, दुसरा ड्रायव्हरकडे, थेट पानिपतपर्यंत. आणि नीलाकाकूंची लेक, आडनाव सासरचं म्हणून आईपासून लांब, शेवटच्या सीटवर उलट्या करत.

यतीन : पानिपतला जाताना आपल्या माणसांचं कधी पटलंय?

रेवती : जोक नको. या वेळी त्याने सुरुवातीलाच विचारलं, एकाच आडनावाची दोन घरं असली तर?

यतीन : मला नाही विचारलं त्याने.

रेवती : तू विचारू दिलंस?

यतीन : जाऊ दे.

रेवती : काय झालं?

यतीन : मला मत्सर वाटतो, रेवती.

रेवती : मतलब?

यतीन : जळतोय मी.

रेवती : अच्छा. माझ्यावर की त्याच्यावर?

यतीन : दोघांवर. त्याच्यावर, कारण आधी तू माझ्याशी बोलताना असं हसायचीस. आणि तुझ्यावर का... ते सांगितलं तर उद्या तुझ्या डोक्यात राहील.

रेवती : आता अर्धं सांगून ठेवू नकोस.

यतीन : उद्या जिथे चाललीयस, तिथे मी दिवाळीच्या आधी जाऊन आलोय.

रेवती : दिवाळीच्या आधी? तू तर क्लायंटकडे गेला होतास.

यतीन : खोटं सांगितलं. इंटरव्ह्यू होता. त्यांनी कोरी स्क्रीन दिली. एआय नाही, काही नाही, लिहा म्हणाले. काय करायचं ते मला समोर दिसत होतं, पण हात चालेना. इतके दिवस तो लिहितो आणि मी नुसता हो हो म्हणतो. समोरच्या बाई म्हणाल्या, पाणी घ्या थोडं.

रेवती : अरे.

यतीन : आता तू जाशील आणि करून येशील. करशीलच, ते कळतंय मला. मला आनंद व्हायला हवा, तो होत नाहीये. तू नापास व्हावंस असं नाही वाटत. म्हणजे, थोडं वाटतं.

रेवती : थोडं म्हणजे किती?

यतीन : कालपासून जरा जास्त.

रेवती : बोललास ते बरं झालं. काल रात्रीपासून तोंड पाडून फिरतोयस, मला वाटलं बाबांवर चिडलायस.

यतीन : त्यांच्यावर आहेच.

रेवती : मगाशी का हसले, सांगू?

यतीन : सांग.

रेवती : मी एक ओळ लिहिली. तो म्हणाला, 'इथे काहीच आलं नाही तर?'

यतीन : हे तर मी...

रेवती : तूच. नोएडाच्या ऑफिसात मी नवी होते. तू माझ्या खुर्चीमागे उभा राहायचास, हात पाठीमागे बांधून. कीबोर्डला कधी बोट लावलं नाहीस. ओळ लिहिली की एकच, इथे काहीच आलं नाही तर? कोणी रकाना रिकामाच सोडला तर? इतका राग यायचा ना तुझा. घरी जाऊन रडलेय पण. पण शिकले ते तिथेच. जूनमध्ये मी ह्याला सांगितलं, असंच विचारत जा. आज बिल्कुल तुझ्यासारखं बोलला, म्हणून हसू आलं.

यतीन : म्हणजे मला काढलंस आणि माझ्या जागी मलाच बसवलंस.

रेवती : तुला नाही. त्या हात बांधणाऱ्याला. तो मला या घरात सापडत नव्हता.

यतीन : हे लागलं.

रेवती : लागू दे.

यतीन : उद्या समोर माणूस असेल. मशीन नाही.

रेवती : माहितीये.

यतीन : मध्येच सुस्कारा टाकेल एखादा.

रेवती : त्याची सवय आहे मला.

यतीन : त्याला बंद कर. मी उभा राहतो मागे.

रेवती : हात?

यतीन : बांधले. कुठपर्यंत आलीस?

रेवती : पुढच्या सीटा. सत्तरच्या वर वय असेल तर पहिल्या तीन रांगांत.

यतीन : आणि वयाच्या जागी काहीच आलं नाही तर?

रेवती : लिहिलंय. खालची ओळ वाच. वय रिकामं असेल तरी पुढचीच सीट.

यतीन : का पण?

रेवती : आपल्या मंडळात वय लिहायचं कोण टाळतं? तरुण मंडळी तर पटकन भरून मोकळी होतात. फॉर्मवरची ती जागा काकू लोक रिकामी सोडतात, गुडघे धरून चालणाऱ्या.

यतीन : हे मला सुचलं नसतं.

रेवती : मग? आता काय वाटतंय?

यतीन : काय वाटणार. जळतोय. तू पुढची ओळ लिही.