कुमारी राणी एक, करवल्या आठ

मी, लोव्रो झोंतार, वय ७० वर्षे, धंदा पत्रव्यवहार कारकून, 'प्रेलोग आणि मुली' ही राणीमाश्या विकणारी पेढी, राहणार पोदलीपा, जुन्या शाळेमागे, घर क्रमांक ९, आज शनिवार दिनांक ९ मे २०१५ रोजी सकाळी ९ वाजून २० मिनिटांनी पोलीस ठाण्यात आपण होऊन हजर राहून, निरीक्षक विदा रुपनिक बाई यांनी समक्ष विचारल्यावरून सांगतो ते असे. जप्त कागदांपैकी अनुक्रमांक ४१ मला आज येथे आल्यावर पहिल्यांदा वाचून दाखवण्यात आला. त्यात लिहिल्याप्रमाणे मला ११ वाजून १० मिनिटांच्या गाडीला रेल्वे स्थानकावर उभे राहायचे आहे. स्थानक येथून चालत वीस मिनिटे, माझ्या गुडघ्याने पस्तीस. सबब जबाब थोडक्यात देत आहे.

आमच्या पेढीत मधमाश्यांच्या राण्या वाढवून टपालाने देशोदेशी पाठवतात. जी राणी अजून उडून नराला भेटली नाही तिला आमच्या धंद्यात कुमारी म्हणतात. भेटून आली की फळलेली. काडेपेटीएवढ्या लाकडी पिंजऱ्यात राणीबरोबर आठ कामकरी माश्या घालतात, कारण राणीला आपल्या आपण खायची सवय नसते. थोरले प्रेलोग वारल्यापासून पेढी त्यांच्या दोन मुली, मेत्का आणि यर्नेया, चालवतात. पेढीच्या नावात 'मुली' हा शब्द आहे तो याच दोघींमुळे. विकाऊ मालाशी त्याचा संबंध नाही.

पेढीचे सगळे ई-टपाल २००३ साली घेतलेल्या एका सर्व्हरवर येते. तो मधघराच्या माळ्यावर आहे. २०१२ च्या शरद ऋतूत त्यावर रोज सहाशे पत्रे येत होती व त्यांतली साडेपाचशे कचरा होती. याबाबत गाळणी बसवण्याचे ठरले. (येथे मी त्या शरदातल्या सफरचंदांविषयी चार वाक्ये सांगितली. ती लिहू नयेत असे निरीक्षक बाईंनी हवालदारास सांगितले.)

त्या बैठकीस आम्ही तिघे हजर होतो. तीन मार्ग होते. एक, टपाल आधी बाहेरच्या एका कंपनीच्या यंत्रातून गाळून घ्यायचे. दोन, सर्व्हर मोडीत काढून भाड्याची टपालपेटी घ्यायची. तीन, आपल्याच सर्व्हरवर एक फुकट मिळणारी गाळणी बसवायची, जी शब्दांना गुण देते आणि पाचाच्या वर गुण गेले की पत्र 'संशयित' कप्प्यात टाकते. दुसऱ्या मार्गाला मेत्काने विरोध केला. सर्व्हरच्या पाठीवर चौतीस अंश ऊब राहते आणि तिथे ती राण्यांचे साठ कोष उबवायला ठेवते. ती म्हणाली, "टपाल गेलं खड्ड्यात, हा डबा माझ्या पोरींची दाई आहे." पहिल्या मार्गाला मी विरोध केला. आपली पत्रे परक्या माणसाने आधी वाचावीत हे मला पटले नाही. सध्या आमची दोन हजार तीनशे पत्रे पोलीस ठाण्यात आहेत, याची मला कल्पना आहे.

यर्नेयाने तिसरा मार्ग एका अटीवर मान्य केला. तिचे माझे बोलणे झाले ते असे:

"संशयित कप्पा तुम्ही उघडायचा नाही, लोव्रोकाका. परवलीचा शब्द माझ्याकडे राहील."

"का बरं?"

"गेल्या महिन्यात त्या एकट्या ओल्गाला तुम्ही अडीच पानं उत्तर लिहिलंत."

"तिने आधी पत्र लिहिलं होतं."

"तिने चार कोटी लोकांना लिहिलं होतं, काका!"

"मग एकाने तरी उत्तर द्यायला नको का?"

मी शब्द दिला व तो पाळला.

गाळणीला शिकवावे लागते. चारशे चांगली पत्रे आणि चारशे वाईट पत्रे दाखवून हे काम मी केले, दोन महिने, रोज जेवणानंतर. पोराला पाढे शिकवावेत तसे. 'राणी', 'तरुण', 'एकटी', 'घरपोच', 'प्रिय', 'वाट पाहते' हे शब्द वाईट पत्रांत फार होते. ते संशयित आहेत हे त्या यंत्राला मीच शिकवले. दुसऱ्या कोणाचा त्यात हात नाही.

पुढच्या वसंतात आमच्याच मागण्या अडकू लागल्या. "दहा तरुण कुमारी राण्या घरपोच पाठवा" असे लिहिणारे सज्जन मधपाळ एकामागून एक कप्प्यात गेले. ते फोनवरून ओरडू लागल्यावर यर्नेयाने गिऱ्हाइकांच्या नावांची यादी घेऊन, नाव शोधून शोधून त्यांची पत्रे बाहेर काढली. तेव्हा मी त्या यादीतल्या सर्व गिऱ्हाइकांना परिपत्रक धाडले, की यापुढे गाळणीला न खुपणारे शब्द वापरावेत: कुमारी राणीला भाची, फळलेलीला सासरी नांदून आलेली आणि सोबतच्या आठ माश्यांना करवल्या. मधपाळांना ही भाषा आवडली. एकाने लिहिले, "गेल्या खेपेची भाची सासऱ्यांना दोनदा डसली, यंदा गरीब स्वभावाची द्या." धंदा सुरळीत झाला.

तक्रारीस कारण झालेले पत्र मी १७ एप्रिल रोजी लिहिले. पत्त्यात एक अक्षर माझ्या हातून सुटले व ते एका मधपाळाऐवजी मुलींच्या वसतिगृहाच्या रेक्टरबाईंना गेले. मजकूर मला मान्य आहे. तो असा: "यंदा चाळीस भाच्या तयार आहेत. सगळ्या करड्या, शांत, अंगावर न येणाऱ्या. प्रत्येकीबरोबर आठ करवल्या. खोक्याला श्वासापुरती भोके आहेत, वाटेत खायला साखरेचा गोळा. एखादी दगावल्यास दुसरी मोफत. सासरी नांदून आलेली हवी असल्यास जूनपर्यंत धीर धरावा. आपले नम्र, प्रेलोग आणि मुली."

परवा गुरुवारी पोलीस पेढीवर आले. सर्व्हर उचलू लागले तेव्हा मेत्का त्याला मिठी मारून उभी राहिली. "साठ जीव आहेत यात, बाई, थंडीने मरतील!" हे वाक्य तिने वेगळ्या प्रकारे बोलायला हवे होते. निरीक्षक बाईंनी स्वतः हात लावून ऊब पाहिली, कोष पाहिले व सर्व्हर जागेवर ठेवून फक्त संशयित कप्प्यातली 'राणी' शब्द असलेली पत्रे छापून नेली.

आज मी येताना भाची म्हणजे काय ते दाखवण्यासाठी एक पिंजरा सोबत आणला. तो मुद्देमाल म्हणून टेबलावर ठेवला आहे. हवालदार टेबलापासून दूर बसून लिहीत आहेत. रेक्टरबाईंना फोनवरून खुलासा केला. त्यांनी तक्रार मागे घेतली आणि वसतिगृहाच्या बागेसाठी सासरी नांदून आलेली एक मागवली. जूनपर्यंत थांबते म्हणाल्या.

यानंतर निरीक्षक बाईंनी अनुक्रमांक ३९, ४० व ४१ बाजूला काढले.

"हे 'तिसरे कडवे' कोण, झोंतारकाका? तीन वर्षांत तीन पत्रं. खाली नाव नाही, नुसतं 'तिसरे कडवे'. टोळीतलं नाव आहे का?"

"वर्गातलं आहे."

"म्हणजे?"

तिचे नाव मिल्का ओराझ. आम्ही पोदलीपाच्या शाळेत एका वर्गात होतो. वार्षिक समारंभात ती नदीवरची सात कडव्यांची कविता म्हणत असे व दर वर्षी तिसऱ्या कडव्यावर अडत असे. मी पडद्यामागे उभा राहून ते कडवे सांगत असे. १९६९ साली लग्न होऊन ती बोगद्यापलीकडे, ऑस्ट्रियात गेली. याबाबत माझी कोणतीही तक्रार नाही. २००४ पासून ती दर एप्रिलमध्ये एक राणी मागवीत असे. मागणी यमकात असे. मी उत्तर यमकात देत असे. एका राणीच्या मागणीला तेवढा पत्रव्यवहार लागतो.

२०१३ साली तिचे पत्र आले नाही. २०१४ साली आले नाही. खाली नाव लिहायची तिची पद्धत नव्हती, त्यामुळे यर्नेयाने नावे शोधली त्यात ती सापडली नाही व परिपत्रकही तिला गेले नाही. दुसऱ्या वर्षी मी एक पोस्टकार्ड लिहून टपालपेटीपर्यंत नेले होते. उत्तर, मृत्यूची बातमी कळवतात तसल्या काळ्या कडेच्या पाकिटातून येईल असे वाटले. कार्ड परत आणले. ते घरी आहे, हवे असल्यास हजर करीन.

अनुक्रमांक ४१ निरीक्षक बाईंनी पुन्हा मोठ्याने वाचला तो असा: "लोव्रो, दोन वर्षं तू गप्प. मेला असशील तर तसं कळव, म्हणजे मी रागवायचं थांबवते. जिवंत असशील तर ऐक. यमक जुळवायला आता बसत नाही. मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी अकरा-दहाच्या गाडीने मी स्वतः येते. राणी तयार ठेव. माझं पोळं या हिवाळ्यापासून रिकामं आहे. ते कडवं मला अजूनही आठवत नाही. तिसरे कडवे."

पत्राखाली यंत्राने संशयाची कारणे छापली आहेत. 'राणी', तीन गुण. 'जिवंत', दोन. 'रिकामं', तीन. 'मी स्वतः येते', साडेचार. नाव नाही, पाच. एकूण साडेसतरा. दोन हजार तीनशे पत्रांत याहून संशयित पत्र नाही, असे निरीक्षक बाईंनी सांगितले. मी म्हणालो की ती शाळेतही पहिली येत असे.

निरीक्षक बाईंनी घड्याळ पाहिले. १० वाजून १२ मिनिटे झाली होती. "काका, आज दुसरा शनिवार आहे," असे त्या म्हणाल्या. मला ते माहीत होते. "अहो, लिहा भराभर!" असे त्या हवालदारास म्हणाल्या.

यापुढे कोणती गाळणी वापरणार, असे नोंदीसाठी विचारल्यावरून सांगतो की प्रेलोग भगिनींनी काल बाहेरच्या कंपनीचा मार्ग पत्करला आहे. सर्व्हर कोष उबवण्यापुरता चालू राहील. माझी एवढीच विनंती आहे की संशयित कप्पा दर शुक्रवारी कोणीतरी डोळ्यांनी पाहावा. मध गाळताना जाळीवर जे राहते ते आम्ही फेकत नाही. त्याच्या मेणबत्त्या होतात. हे काम मी विनामोबदला करण्यास तयार आहे व ओल्गाला पुन्हा लिहिणार नाही.

निरीक्षक बाईंनी आपल्या गाडीने स्थानकावर सोडण्याची तयारी दाखवली. मला पोलिसांच्या गाडीतून उतरताना तिने पाहिले तर पहिल्यापासून सांगावे लागेल, म्हणून मी नको म्हणालो. स्थानकाअलीकडच्या बेकरीच्या कोपऱ्यापर्यंत सोडावे, असे ठरले. हवालदाराने विचारल्यावरून तिसरे कडवे उभे राहून एकदा म्हणून दाखवले. एकही शब्द चुकला नाही.

वरचा सारा मजकूर हवालदाराने मला मोठ्याने ऐकवला. सफरचंदांची चार वाक्ये त्यात नाहीत, तेवढे सोडून तो मी बोललो तसाच उतरला आहे आणि खरा आहे. ऐकताना मी खुर्चीवर बसलो नाही.

वेळ १० वाजून ४० मिनिटे.

अनुक्रमांक ४१ ची नक्कल मिळाली. मुद्देमाल परत मिळाला: कुमारी राणी एक, करवल्या आठ, सर्व जिवंत. मोजून घेतले व ऊब लागते म्हणून शर्टाच्या डाव्या खिशात ठेवले.

सही
लोव्रो झोंतार