परसादाची सुई

मेडिकलात श्रुती इन्शुलिनची बाटली बर्फाच्या पिशवीत बांधत होती. काउंटरपाशी दोन म्हातारे बोलत उभे.

“पोरी, बर्फ जादा घाल. आधी नरसोबाच्या वाडीला जायचं हाय.”

“औषध घिऊन वाडीला, पावणं?” दुसऱ्या म्हाताऱ्यानं विचारलं.

“ह्या बाटलीवरची अमेरिकेची कंपनी शंभर वर्सं इन्शुलिन करतीया. आधी जनावरांच्या पोटातनं काढायची. आता माझी नात मोना तितंच कामाला हाय की!”

“आरं वा! पण देवाला कशाला? त्येला साखर झालीया व्हय?”

“म्हशीचं पयलं दूध दत्ताला देतो न्हवं? तसंच नातीच्या कंपनीचं पयलं औषध.”

“आन् मग?”

“मग परसाद म्हणून टोचून घ्यायचं. आजवर सुईला नगंच म्हटलं, पावणं. परसादाला कोण नगं म्हणतंय?”