दूध दाट असल्याची तक्रार

दूध दाट आहे म्हणून कुणी गवळ्याशी भांडल्याचं तुम्ही कधी ऐकलंय? महाराजांच्या राज्यात परदेशातलं एक मिशनरी कुटुंब वर्षभर कोल्हापुरात राहिलं होतं. मी त्यांच्या मडमेला मराठी शिकवायची. पहिल्याच आठवड्यात तिने गवळीमामांना अडवलं; तिचं म्हणणं मी मराठीत सांगत होते.

"तुम्ही दुधात पीठ घालता. माझ्या बाळाला बाधेल. उद्यापासून येऊ नका."

मामा भडकलेच. "बाईसाहेब, पाणी घालतोस म्हणून लई जणांनी बोल लावला, पर पीठ म्हणणाऱ्या तुमीच पयल्या! म्हशीचं दूध हाय त्ये!"

"गाईचं असं नसतं," मडम म्हणाली.

"मग म्हशीलाच इचारा की!"

दुसऱ्या दिवशी सकाळी मामांनी म्हैस मडमेच्या दारात बांधली, तिच्याच भांड्यात धार काढली आणि बाळ दुसऱ्या पेल्यासाठी रडू लागलं.