मीटरवरचं नाव

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या विभागाचे अभियंतासाहेब, व्यासपीठावरील मान्यवर, आजचे सत्कारमूर्ती, ज्यांना हे अख्खं वीज कार्यालय तात्या म्हणतं ते आज निवृत्त होणारे आपले वायरमन, पहिल्या रांगेत बसलेल्या त्यांच्या पत्नी, आणि चहाची वाट पाहत का होईना, पण शांत बसलेल्या बंधुभगिनींनो,

मला ग्राहकांची प्रतिनिधी म्हणून दोन शब्द बोलायला सांगितलं आहे. मला कोणी निवडून दिलेलं नाही. तात्यांबद्दल बरं बोलेल आणि दुपारी साडेतीनला रिकामा असेल असा ग्राहक शोधताना माझं नाव निघालं, असं तुमच्या क्लार्कबाईंनी मला मोकळेपणाने सांगितलं.

आधीच्या वक्त्यांनी तात्यांच्या निष्कलंक सेवेचा गौरव केला. त्या शब्दाला मी धक्का लावणार नाही. मी फक्त शनिवारांबद्दल बोलणार आहे.

आमच्या घरामागच्या खोलीत एक जुनं लेथ मशीन आहे. लोखंडाचा तुकडा गरगर फिरवून त्याला आकार देणारं यंत्र. ते माझ्याहून वीस वर्षांनी मोठं आहे आणि त्याचे गुडघे माझ्यापेक्षा बरे आहेत. आमचे हे टर्नर होते. कारखान्याने जुनी यंत्रं काढली तेव्हा ह्यांनी ते मागून घेतलं. मी विचारलं, "ठेवणार कुठे?" तर म्हणाले, "तुझं शिवणयंत्र जरा सरकव." ते सरकलेलं शिवणयंत्र अजून स्वयंपाकघरात आहे.

अडचण एकच होती. मशीनला लागतं थ्री फेज आणि घरात येते सिंगल फेज. इथे बसलेल्यांना हे समजावून सांगणं म्हणजे आगाऊपणा, पण तुमच्या घरची मंडळीही आली आहेत, म्हणून सांगते. ह्यांनी मध्ये एक दुसरी मोठी मोटर बसवली. तिच्या दांड्याला दोरी गुंडाळायची, जोरात ओढायची आणि ती फिरू लागली की लगेच बटण दाबायचं. मग ती फिरत राहते आणि लेथला कमी पडणारी वीज पुरवते. याला दोन माणसं लागतात. दोरी हे गुंडाळायचे, ओढायची मी, बटण पुन्हा हे. "ओढ!" म्हणाले की ओढायची. मी कॉन्व्हेंटमध्ये, सिस्टरांच्या शाळेत शिकले. तिथे आम्हाला भरतकाम आणि जेवताना टेबलावर कोपर न टेकणं शिकवलं होतं. तरी बावीस वर्षं मी दोरी ओढली, आणि ती मला उत्तम ओढता येते असा माझा समज होता.

हे गेले. मी दर शनिवारी मशीनला तेलाचं फडकं फिरवत राहिले, गंज चढू नये म्हणून. मुलगा म्हणाला, "आई, चालत नसेल तर देऊन टाकू. नुसतं पुसत काय बसतेस?" मी म्हटलं, "चालतं." तो म्हणाला, "मग दाखव." आता आली का पंचाईत?

तो पुढच्या आठवड्यात येणार होता. मी एकटीने प्रयत्न सुरू केले. दोरी ओढायची आणि बटणाकडे धावायचं. मी पोचेपर्यंत मोटर थांबलेली. कधी ती फिरण्याआधीच बटण दाबलं जायचं. मग ती नुसती घुमायची आणि गल्लीतले दिवे मंद व्हायचे. तिसऱ्या दिवशी शेजाऱ्यांनी तक्रार केली आणि तुमच्या कार्यालयाने तात्यांना पाठवलं.

तात्यांनी खोली पाहिली. मोटर पाहिली. दोरी पाहिली. मग मला म्हणाले, "बाई, हे काय आहे?"

मी म्हटलं, "लेथ."

"ते दिसतंय. तुमच्या हातात काय आहे?"

मी सगळं सांगितलं. अभियंतासाहेब, नियमाप्रमाणे त्यांनी तिथेच वीज तोडायला हवी होती. त्यांनी चप्पल काढून खोलीबाहेर ठेवली आणि म्हणाले, "बटणाशी मी उभा राहतो. ओढा."

मी दोरी गुंडाळली, ओढली. मोटरने वेग धरला, लेथ फिरू लागलं, आणि तुकडा पकडणारा, आट्यांवर बसवलेला तो जड चक आपणहून सुटत सुटत खाली आदळला. तात्यांनी बटण बंद केलं.

"बाई, दोरी उलटी गुंडाळलीत. त्यामुळे सगळंच उलटं फिरलं. रोज कोण गुंडाळायचं?"

"हे."

"आणि तुम्ही?"

"मी ओढायचे."

बावीस वर्षांत मी एकदाही पाहिलं नव्हतं, की ती कुठल्या बाजूने गुंडाळतात. चक पडला तिथे मशीनच्या गुळगुळीत पाठीवर एक खाच पडली. ह्यांनी तिथे साधा चहाचा कपसुद्धा कधी ठेवू दिला नव्हता. मी रडायला लागले. तात्या म्हणाले, "अहो, रडताय काय? मोटर जिवंत आहे. आता सुलटी गुंडाळा."

मुलगा आला तेव्हा मशीन चालू होतं. तो तासभर बसून घरातल्या सगळ्या खिळ्यांना टोकं करत होता.

त्यानंतर सहा वर्षं, दर शनिवारी, तात्या बटणाशी उभे राहिले. वहिनी, तुम्हाला ते जादा ड्यूटी म्हणून सांगत असत, हे मला आत्ता जेवणाच्या वेळी कळलं. तुम्ही माझ्याकडे पाहू नका, त्यांच्याकडे पाहा.

पहिल्याच महिन्यात ते म्हणाले होते, "बाई, रीतसर थ्री फेज घ्या. दोरी नको, मी नको. फक्त आधी मीटरवरचं नाव बदलावं लागेल. मयत माणसाला वाढीव वीज देत नाहीत." मी म्हटलं, "बघू." महिन्यातून एकदा वीजबिल ह्यांच्या नावाने येतं. दुसरं कुणी त्यांना आता पत्र पाठवत नाही. तात्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि पुन्हा कधी तो विषय काढला नाही. पुढच्या शनिवारी आले आणि म्हणाले, "ओढा."

आता ते मुलीच्या गावी राहायला जाणार. बटणाशी कोण उभं राहील? म्हणून काल मी अर्ज भरला. तो या पिशवीत आहे. त्यावर 'जागेची पाहणी केली' म्हणून वायरमनची सही लागते, आणि तात्या आज पावणेसहापर्यंत नोकरीत आहेत. पाहणी तीनशेहून जास्त वेळा झाली आहे, तेव्हा अभियंतासाहेबांची हरकत नसावी.

मला बोलायची संधी दिल्याबद्दल आयोजकांचे आभार. वहिनींनी इतके शनिवार सोडले, न विचारता, त्यांचे जास्त आभार. तात्या, तुमचे आभार मानायचा प्रयत्न मी घरी केला होता, तो जमला नाही.

अर्जात जुन्या ग्राहकाच्या नावापुढे 'नाव कमी करण्याचे कारण' असा रकाना आहे. मी लिहिलंय, 'मशीन चालू ठेवायचं आहे.' क्लार्कबाई सांगतात, तिथे एकच शब्द लिहायचा असतो, आणि तो हा नव्हे. त्या रकान्यात आणि या भाषणात माझं जे चुकलं असेल, ते आपण पोटात घालावं, आणि अर्ज तेवढा पुढे पाठवावा.