ह्यांची डावी भुवई

मावशी : हा कोण?

फोटोवाली : तुमचे मिस्टर, मावशी.

मावशी : माझे? नाही गं पोरी.

फोटोवाली : पावतीवर तर तसंच आहे. 'वडिलांचा जुना फोटो दुरुस्त करून मोठा करणे, दोन प्रती.' परवा तुमचा मुलगा देऊन गेला. एक छापखान्याच्या हॉलमध्ये लागणार, आज पाचला कार्यक्रम आहे. दुसरी तुमच्या घरी.

मावशी : माझ्या खुर्चीच्या बरोब्बर समोर. खिळाही ठोकून झालाय. म्हणून तर म्हटलं, छापायच्या आधी बघून येऊ. तर तू त्या खिळ्याला परका पुरुष टांगायला निघालीस.

फोटोवाली : परका कसा? नाक त्यांचं, चष्मा त्यांचा, चामखीळ त्यांची.

मावशी : चामखिळी दोन आहेत.

फोटोवाली : अं?

मावशी : ह्यांना एकच होती, उजव्या गालावर. तू दोन्ही गालांवर बसवल्यास. कोट अडकवायच्या खुंट्या असतात ना, तशा.

फोटोवाली : अच्छा, ते होय! त्याचं काय झालं, डावी बाजू पार गेलेली होती. मग मी उजवा अर्धा चेहरा घेतला, उलटा केला आणि डावीकडे चिकटवला. आमच्यात असंच करतात. माणूस साधारण दोन्हीकडून सारखाच असतो.

मावशी : कोण म्हणालं?

फोटोवाली : कोर्समध्ये शिकवलं.

मावशी : शिकवणाऱ्याचं लग्न झालेलं नसणार. अगं, ह्यांची उजवी बाजू लोकांसाठी होती. छापखान्यात मुद्रितं तपासायला बसायचे, तर डावीकडे भिंत. येणाऱ्या-जाणाऱ्याला उजवीच दिसायची. 'काय शांत माणूस!' घरी जेवायला मी डाव्या हाताला. अडतीस वर्षं.

फोटोवाली : आणि डावीकडे काय होतं?

मावशी : भुवई.

फोटोवाली : ती मी दिलीय की.

मावशी : ही? ही भुवई आहे? ही तर केसांची ओळ आहे. ह्यांची भुवई उठायची. मी वरण वाढलं की उठायची. मी म्हटलं, 'आज गरम होतंय,' की उठायची. म्हणजे गरम होत असलं तरी ते मी सांगावं, हे काही त्यांना पटायचं नाही.

फोटोवाली : मावशी, एक विचारू? लोक इथे येऊन सांगतात, सुरकुत्या घालवा, पोट घालवा. परवा एका नवरीनं इतकं स्मूथ करायला लावलं की शेवटी नाक गेलं. तरी खूश! माणूस वाईट करून द्या म्हणणाऱ्या तुम्ही पहिल्याच. चांगले दिसतायत तर दिसू देत. तुमचं काय जातं?

मावशी : माझं काय जातं? नीट बघ ह्याच्याकडे. कसा बघतोय, बघ. जसं काही आत्ता विचारेल, 'दमलीस का गं?' हा असा असता तर मी बोलले असते ना त्याच्याशी! भांडले असते, हसले असते, पंखा लाव म्हटलं असतं. मी अडतीस वर्षं तोंड मिटून बसले ती त्या दुसऱ्यासमोर. आता हा भिंतीवर आला की येणारा-जाणारा म्हणणार, 'किती प्रेमळ होते!' मग मूर्ख कोण ठरलं? मीच. उगीच गप्प बसलेली बाई.

फोटोवाली : बसा. ही खुर्ची घ्या. मूळ फोटोत डावी बाजू थोडी तरी शिल्लक असती तर बरं झालं असतं. मुलगा म्हणाला, ओल लागली.

मावशी : ओल नाही. खोडरबर.

फोटोवाली : खोडरबर?

मावशी : हा फोटो आरशाच्या कडेला खोचलेला असायचा. रोज पुसताना थोडं थोडं. अकरा वर्षं लागली.

फोटोवाली : त्यांच्या लक्षात नाही आलं?

मावशी : आलं ना. म्हणाले, 'कागद निकृष्ट आहे.'

फोटोवाली : म्हणजे आता मूळ प्रत फक्त तुमच्या डोक्यात. ठीक आहे. मी ओढत जाते, तुम्ही थांबवा. फोटोतली ही डावी की आपली डावी?

मावशी : त्यांची. आमच्याकडे सगळं त्यांचंच होतं.

फोटोवाली : उचलते.

मावशी : अजून. अजून. थांब! हे आश्चर्य झालं. आश्चर्य ह्यांना कधी वाटलं नाही.

फोटोवाली : असं?

मावशी : आता पोटात दुखतंय.

फोटोवाली : नुसती भुवई उचलून नाही भागणार. एखादा इफेक्ट देऊन बघते. तैलचित्र करू?

मावशी : शी! थोर दिसायला लागले. काढ.

फोटोवाली : निगेटिव्ह?

मावशी : आतून असेच होते. पण पाहुण्यांना कळायचं नाही.

फोटोवाली : चेहऱ्यावर चौकोन-चौकोन?

मावशी : बातम्यांत आरोपी दाखवतात तसे दिसतायत.

फोटोवाली : काढते.

मावशी : राहू दे दोन मिनिटं.

फोटोवाली : बरं. हे बघा, ह्यानं कुठलाही भाग फुगवता येतो. डोकं फुगवू?

मावशी : हे मात्र अगदी खरं आलंय.

फोटोवाली : आणि हे पाण्याच्या लाटांसारखं…

मावशी : अगं बाई! हलतायत! नाक बघ नाक… कानाला भेटायला निघालंय… परत कर, परत कर… अगं, हसून हसून माझ्या बरगड्या… ह्यांच्यासमोर मी अशी कधी हसले नव्हते. हसायला लागले की हे थांबायचे. काही बोलायचे नाहीत, फक्त माझं हसून व्हायची वाट बघायचे. मग ते आपोआप व्हायचं.

फोटोवाली : पाणी घ्या.

मावशी : नको. तुला नेमकी भुवई सांगते. ऐक. लग्नाला सहा वर्षं झाली असतील, मी घर सोडलं. चिठ्ठी ठेवली. 'मी बहीणीकडे जाते, परत येणार नाही.' तिसऱ्या दिवशी परत आले.

फोटोवाली : का?

मावशी : बहिणीचं घर दोन खोल्यांचं, आणि पोराला घेऊन गेले होते. चार वर्षांचा होता. तर चिठ्ठी टेबलावर तशीच. फक्त 'बहीणीकडे' लिहिलं होतं ना मी, त्यातली 'ही' ऱ्हस्व केलेली. लाल शाईनं. समासात नीट खूण. बाकी शेरा नाही.

फोटोवाली : काहीच म्हणाले नाहीत?

मावशी : मी चिठ्ठी वाचत होते तेव्हा दारातून बघत होते. ती भुवई मला हवीय.

फोटोवाली : मावशी…

मावशी : 'मावशी मावशी' करू नकोस. चूक माझीच होती. ऱ्हस्वच असते ती.

फोटोवाली : एक मिनिट. माझ्याकडे इथे हजारो चेहरे आहेत. पासपोर्टचे, लायसन्सचे. बघू कुणाचं जमतंय. हे एक बँक मॅनेजर.

मावशी : हा घाबरलाय.

फोटोवाली : ह्या वकीलबाई.

मावशी : छे! हिला समोरच्याची गरज आहे. तुच्छता अशी नसते. त्यात गरज नसते.

फोटोवाली : मग… थांबा. आहे. आहे एक. फक्त पापणीचा वरचा भाग घेते, आणि हा कोपरा. बुबुळ तुमच्या मिस्टरांचंच ठेवते. रंग जुळवला. कडा पुसल्या. डावीकडची चामखीळ काढली. आता बघा.

मावशी : (खुर्चीतून उठते.)

फोटोवाली : मावशी? उभ्या का राहिलात?

मावशी : वरण गार झालंय असं वाटलं मला. एकदम. कुणाची आहे गं ही नजर?

फोटोवाली : राग नाही ना येणार?

मावशी : सांग.

फोटोवाली : एका गिऱ्हाइकाच्या मांजरीची. त्यांना तिचा फ्रेम करण्यासारखा फोटो हवा होता. तीन वेळा पकडून आणली. तिन्ही वेळा माझ्याकडे अशीच बघत होती.

मावशी : मांजरीची.

फोटोवाली : हो.

मावशी : मांजरीला निदान शुद्धलेखन येत नाही.

मुलगा : आई! तू इथे? मी घरी जाऊन आलो. मॅडम, प्रिंट झाली का? साडेतीन वाजलेत, हॉलवाले तिकडे नुसते… हे काय?

(त्याचा एक हात कॉलरकडे जातो, दुसऱ्यानं तो बाहेर आलेला शर्ट आत खोचतो.)

फोटोवाली : तुमचे वडील.

मुलगा : हो, ते… म्हणजे हेच. अगदी हेच आहेत. तुम्हाला कसं जमलं? लग्नात मला आशीर्वाद देताना असेच बघत होते. म्हणाले, 'पत्रिकेत चार चुका आहेत.' बस, तेवढंच. पण मॅडम, मी असं सांगितलं नव्हतं. परवाचं व्हॉट्सॲपवर पाठवलं होतंत ते छान होतं.

मावशी : ते तुझे बाबा नव्हते.

मुलगा : माहीत आहे मला, आई.

मावशी : माहीत आहे?

मुलगा : मला काय दिसत नाही का? दोन चामखिळी होत्या! पण दोन दिवस मोबाइलवर तोच उघडून बघतोय. गाडीत, ऑफिसात. एकदा तर त्याला सांगितलंसुद्धा, प्रमोशन झालं म्हणून.

मावशी : काय म्हणाला?

मुलगा : काही नाही. पण ऐकत होता.

फोटोवाली : मी जरा बाहेर जाऊ का?

मावशी : बस तू. हॉलला परवाचे ते सज्जनच जाऊ देत. तिकडे उजवीच बाजू ठाऊक आहे, उगीच घोटाळा नको. घरासाठी म्हणून जी प्रत होती, ती ह्याला दे. तेवढी डावी चामखीळ काढ, नाहीतर पोरं विचारतील.

मुलगा : आणि आपल्या घरी? तो खिळा?

मावशी : खिळ्याला पिशवी अडकवीन. भाजीची. हा खरा मात्र मला हवाय, पोरी. छापून दे.

फोटोवाली : हा मांज… हा दुसरा? केवढा करू? दोन बाय तीन फूट?

मावशी : नाही. पासपोर्ट.

मुलगा : आई, एवढ्याशा फोटोत तुला काय दिसणार आहे?

मावशी : चष्मा लावला तर दिसतील. नाही लावला तर नाही.